एक मात्रा उशिरा

आमच्या नेरूळच्या घराला तेव्हा फॅशनमध्ये असलेली चिमणीची बेल होती. बटण दाबलं की आतल्या प्लॅस्टिकच्या डबीत चिमण्या चिवचिवायच्या. एका दुपारी मी टेबलावर कागद पसरून व्हायोलिनचे पार्ट लिहीत बसलो होतो आणि बायको बाहेर भाजीच्या दोन पिशव्या सांभाळत दहा मिनिटं ती बेल दाबत होती. शेवटी तिने दारावर लाथ घातली. दार उघडलं तर शेजारीणही तिच्यासोबत उभी. दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या जसं काही मी आत कुणाचा तरी मुडदा पाडलाय.

"बहिरे झालात का हो?" बायको म्हणाली.

"बेल बिघडलीय," मी तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणालो. चूक माझी असली की आधी माझा आवाज चढतो. जुना रोग आहे.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने डबी खोलली, फुंकर मारली, बटण दाबलं आणि म्हणाला, "वाजतेय की साहेब. मस्त वाजतेय." मी त्याच्या बाजूलाच, डबीखाली मान वर करून उभा होतो. मला बटणाचा टक असा आवाज आला. त्यापुढे काही नाही. मी म्हटलं, "हां, आता वाजली," आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिलो.  मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि आमचं सगळं घर माझ्या कानांवर चालत होतं.

मी अरेंजर. म्हणजे काय, हे आमच्या सोसायटीत कुणाला कधी नीट कळलं नाही. सेक्रेटरी तर मला लग्नाचे हॉल सजवणारा समजायचे. त्यांना चार वेळा समजावलं, पाचव्यांदा सोडून दिलं. संगीतकार चाल बांधतो, पेटीवर गुणगुणून दाखवतो आणि निघून जातो. त्या चालीच्या मागेपुढे जे जे वाजतं, सुरुवातीचं म्युझिक, दोन कडव्यांमधली बासरी, गाणारी श्वास घेते तेवढ्यात व्हायोलिनं मारतात ती झेप, ते सगळं अरेंजर लिहितो. प्रत्येक वादकाला त्याचा त्याचा कागद. मग रेकॉर्डिंगला समोर उभा राहून हात हलवत सगळ्यांना एका गाडीत बसवून नेतो. कॅसेटच्या कव्हरवर गायिकेचा फोटो, मग संगीतकार, मग गीतकार, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'संगीत संयोजन' आणि पुढे आम्ही.

माझे वडील महाडकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना कागद वाचता येत नव्हता, सगळं कानावर. मी मुंबईला येऊन एका गोवेकर व्हायोलिनवाल्याकडे पाच रेघांवरची ती ठिपक्यांची लिपी शिकलो. त्यांना रेकॉर्डिंगची सगळी लाइन अंकल म्हणायची. आधी वाजवलं, मग मोठ्या लोकांचे पार्ट उतरवून दिले, मग स्वतः लिहायला लागलो. सिनेमाने मला फार विचारलं नाही. कॅसेटने विचारलं. एप्रिलच्या आधी जयंतीची गाणी, श्रावणात गणपतीची, लग्नसराईच्या तोंडावर हळदीची. खाडीअलीकडे घर परवडतं म्हणून नेरूळला आलो, आणि पुढे एकाने तुर्भ्याच्या कारखान्यांमध्ये गाळा घेऊन स्टुडिओच काढला, तेव्हा माझी चंगळ झाली. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, आणि शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन. ते सुरू झालं की आम्ही चहा घ्यायचो, ते थांबलं की गाणं.

बेलचं प्रकरण झाल्यावर आठवडाभर मी कुणाला काही बोललो नाही. बायकोने मात्र पाठ धरली, म्हणून वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एक काचेची खिडकी असलेली खोली होती. आत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. बाहेर एक बाई मशीनवर बसलेली. ती वेगवेगळे सूर पाठवणार, ऐकू आला की आपण बटण दाबायचं. खालचे सूर आले, मी दाबत गेलो. मधले आले. मग वरचे सुरू झाले असणार, कारण बाईचा खांदा हलत होता आणि माझ्या कानात मात्र शुकशुकाट.

काय सांगू, माझी पाचावर धारण बसली. खिडकीतून तिचा खांदा दिसत होता. ती कंटाळलेली होती आणि कंटाळलेला माणूस लयीत काम करतो. तीन मोजायची, चौथ्यावर बटण दाबायची. तीन, चौथ्यावर. माझं अर्धं आयुष्य रिकाम्या मात्रा मोजण्यात गेलेलं. पंचवीस मात्रा गप्प बसून सव्विसावीवर बरोब्बर उठायचं, हेच आमचं काम. अंगठा आपोआप चालू लागला. आपोआप, असं म्हणायला सोपं जातं. खरं म्हणजे मी ठरवून केलं. इतकंच नाही, खालच्या सुराला मी सहा वेळा दाबलं होतं म्हणून वरच्यांनाही मोजून सहा-सहा वेळाच दाबलं. उगाच संशय नको.

डॉक्टरांनी कागद बघितला. "तुमचे कान एखाद्या कॉलेजच्या पोराचे आहेत," ते म्हणाले. "टेन्शन असेल. लक्ष नसेल."

बायकोने तो रिपोर्ट घरी नेऊन देवळीत ठेवला. तिचा चेहरा इतका हलका झाला होता की त्यानंतर खरं सांगायची माझी छाती झाली नाही. परीक्षेत कॉपी करणारी पोरं मी पाहिली आहेत, पण दुखण्याच्या परीक्षेत कॉपी करून पास होणारा गाढव मी एकटाच. त्या दिवसापासून भीती दुप्पट झाली. आधी वाटायचं, काहीतरी झालंय. आता पक्कं माहीत होतं, आणि औषधाचा रस्ता मी स्वतःच्या अंगठ्याने बंद केला होता.

त्याच सुमारास उजव्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, न थांबणारी. बाहेरचे टाळ ऐकू येत नाहीत आणि आत ही बया अहोरात्र वाजतेय. तिचा सूरसुद्धा मी ओळखला होता.

आता मजा ऐका. मजा कसली, माझी झोप उडवणारी गोष्ट. मला टाळ ऐकू येईनात, म्हणून मी रेकॉर्डिस्टला सांगायचो, टाळ वाढव. मग घुंगरू वाढव. बासरी एक सप्तक वर लिहिली. रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "सर, टोचतंय." मी त्याला फाडून खायचो, "तुझे कान धुऊन ये." आणि त्या कॅसेट तुफान चालल्या. कारण रिक्षातले टेप आणि मंडपातले फाटके कर्णे आधीच घोगरे. बाकीच्यांची गाणी त्यातून गोधडीत गुंडाळल्यासारखी यायची आणि माझी मात्र चकचकीत. कॅसेट कंपनीचे शेठ मला बोलावून म्हणाले, "मला तुमचा तो साउंड पाहिजे." जितका कान जात होता तितकं काम वाढत होतं. 

उजवा कान जास्त खराब, म्हणून तोवर उजवीकडे बसणारी व्हायोलिनं मी माझ्या डाव्या हाताला बसवायला लागलो. विचारलं तर सांगायचो, बॅलन्स चांगला येतो. वर्षभरात आणखी तिघा अरेंजरांनी व्हायोलिनं डावीकडे बसवली. आईशप्पथ सांगतो, त्यातल्या एकाने मला त्याचे फायदेसुद्धा समजावून सांगितले.

असं दीड वर्ष गेलं.

मग शेजारच्या शिरवणे गावातली एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची. वडील पूर्वी मिठागरात होते, जमिनी गेल्यावर टेम्पो चालवायचे. ती हळदीला गायची, आत्या-मावश्यांकडून ऐकलेलं. कुठे शिकलेली नाही, पण सूर असा की खुंटी मारून ठेवल्यासारखा. तिचे शब्द मला कळायचे नाहीत, सगळे स आणि श गळून पडायचे, पण सूर कळायचा. शेठना मीच सांगितलं, "हळदीची कॅसेट या मुलीला द्या. हिचा आवाज म्हणजे सोनं आहे." वडिलांना बोलावून त्यांच्यादेखत सांगितलं. ते बिचारे टोपी हातात घेऊन उभे होते.

तीन दिवसांचं रेकॉर्डिंग. तुर्भ्याचा स्टुडिओ छोटा, हेडफोनचा डबा एकच. त्यातून दोन हेडफोन निघायचे, एक गाणाऱ्याला, एक मला, आणि दोन्हींचा आवाज एकाच बटणावर. पहिल्या दिवशी सकाळी मी ते बटण माझ्या कानाला लागेल तितकं फिरवलं. म्हणजे किती, हे मला कसं कळणार?

दुसऱ्या गाण्यानंतर ती गाणाऱ्याच्या काचेच्या खोक्यातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "सर, जरा कमी कराल का? कान दुखतात."

वादक आजूबाजूला होते. मला वाटलं, आता हा विषय निघाला तर निघतच जाईल. माझी तंतरली आणि ती तंतरलेली रागाच्या रूपाने बाहेर पडली. "बेंजो पार्टीच्या कर्ण्यासमोर उभी राहून गातेस ना? मग इथे कसला नाजूकपणा?" दोघं-तिघं हसले. ती लाल झाली, परत खोक्यात गेली. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. मी दुसऱ्या दिवशी बटण आणखी थोडं फिरवलं.

तिसऱ्या दिवशी शेवटचं गाणं. उकाडा होता म्हणून तिच्या खोक्याचं दार अर्धं उघडं ठेवलं होतं. टेक चांगला चालला होता. दुसरं कडवं संपलं, व्हायोलिनं उठायची वेळ आली, मी डावा हात वर केला.

व्हायोलिनं उठली नाहीत.

मी हात तसाच हलवत राहिलो, एक, दोन, तीन. मला वाटलं पोरं मात्रा चुकली, आता यांची सालटी काढतो. मग बघतो तर पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी गज मांडीवर टाकलेत आणि हातांनी कान दाबलेत. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने स्वतःचा हेडफोन फेकून दिला होता. खोक्यात ती मुलगी दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसली होती. तिच्या हेडफोनचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी पेटली होती, ती वरची, कानात सुई घालणारी. सगळा स्टुडिओ कळवळत होता आणि मी एकटा मधोमध उभा राहून हात हलवत होतो.

मग मीही हेडफोन ओढून कानांवर हात ठेवले. एक मात्रा उशिरा.

इतर कुठल्याही धंद्यात ते चाललं असतं. तिथे बसलेल्या माणसांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, फक्त कोण उशिरा आला ते ऐकलं होतं.  शेजारचं पत्र्याचं मशीन सुरू झालं, कुणीतरी चहा म्हणालं, सगळे उठून बाहेर गेले.  मी कागद गोळा करायला लागलो.

अंकल आता माझ्या व्हायोलिनवाल्यांत बसायचे, ते मागे थांबले. सत्तरीला आलेला माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. ते माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. डाव्या बाजूला, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"आमाला ठाऊक आसा, बाबा," ते म्हणाले. "वर्स झालं. आमी आपापलं ट्यूनिंग करून घेतो. तुझे कागद बरोबर असतात, ते आमाला पुरे."

मी रडायच्याच बेतात होतो. वाटलं, संपली ही भीती, दीड वर्षाची. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"माझं ऐकून घे. ती पोरगी जिन्यावर बसलीय. तिच्या कानातली शिट्टी कालपासून थांबत नाय. आजची नाय, कालपासून. तुला सांगायला भिते."

स्वतःसाठी घाबरणं मला सवयीचं झालं होतं. हे निराळं होतं.  मी जिन्यावर गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, उजव्या कानावर तळवा.

"कशी आहे शिट्टी?" मी विचारलं. "बारीक? एकसारखी? झोपताना जास्त?"

तिने मान हलवली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "सर, तुम्हाला कसं कळलं?"

दुसऱ्या दिवशी मी तिला वाशीला नेलं, त्याच डॉक्टरांकडे. तिचे वडील सोबत. टेम्पोत पुढे तिघं बसलो. आत तिची तपासणी चालू असताना मी आणि वडील बाकावर.  मनात एकच: तिचा कान गेला तर मी काय तोंड दाखवू, आणि कुणाला.

डॉक्टरांनी आत बोलावलं. उजव्या कानाला वरच्या सुरांचं कमी झालंय, म्हणाले. औषध देतो, दोन-तीन आठवडे अगदी शांत राहायचं, गाणं नाही, टेप नाही. बहुतेक भरून येईल.

"बहुतेक?" वडील म्हणाले.

"आज यापेक्षा जास्त सांगता येत नाही. इतका आवाज ठेवला कुणी?"

"मी," मी म्हणालो. "मला कमी आवाजात ऐकू येत नाही."

डॉक्टरांना माझा चेहरा आठवला असावा. "तुम्ही आला होतात ना? तुमचा रिपोर्ट तर चांगला होता."

"तो मी मात्रा मोजून दिला. बाईंचा हात बघून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "गेलेलं तेव्हाही परत आलं नसतं. उरलेलं जपता आलं असतं. आणि आवाज किती ठेवायचा हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वडील हे सगळं ऐकत होते. त्यांना ते सावकाश कळत गेलं, हे मला दिसत होतं. मग ते माझ्याकडे वळले. "तुमाला आयकू येत नाय, तं माझे पोरीचा आवाज सोना हाय, ह्यो कशावरशी सांगला?"

मी खरं तेच सांगितलं. सूर मला ऐकू येतो. वरची झिलई येत नाही, शब्द पुरते येत नाहीत. ते मी मनाने भरतो, पूर्वी ऐकलेल्या आवाजांवरून. वडिलांनी ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

 मग मुलीने विचारलं, "सर, तुमची शिट्टी थांबली?"

तिला 'हो' ऐकायचं होतं. माझ्या जिभेवर 'हो' तयार होतं. दीड वर्ष मी दुसरं काही बोललोच नव्हतो.

"नाही," मी म्हणालो.

तिने वडिलांची बाही धरली. डॉक्टर घाईने म्हणाले की यांचं जुनं आहे, तुझं दोन दिवसांचं, दोन्हींची सांगड घालू नकोस. तिला ते कितपत पोचलं कोण जाणे.

त्या कॅसेटचं उरलेलं काम अंकलनी उभं राहून केलं. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग खूप भांडली, आणि देवळीतला रिपोर्ट काढून तिने त्याचे तुकडे केले.

त्यानंतर मी रोज सकाळी पिशवी घेऊन शिरवण्याच्या बाजारात जायला लागलो. तिच्या घरी जायची हिंमत नव्हती. वाटायचं, बाजारात कुणीतरी तिच्याबद्दल काहीतरी बोलेल. रोज बोंबील, नाहीतर मांदेली. बायको म्हणाली, आता घरात मांजर पाळा. रोज गावाच्या तोंडाशी आलो की परत फिरावंसं वाटायचं. एकदा परत फिरलोसुद्धा, पण त्या दिवशी घास गिळेना, म्हणून संध्याकाळी पुन्हा गेलो.

अठराव्या दिवशी तिचे वडील भेटले. मासळीवालीच्या पाटीपलीकडे उभे होते. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं निघून जातील. ते वळसा घालून आले आणि माझ्या डाव्या बाजूला थांबले.

"थांबली," ते म्हणाले. "परवापासना. डाक्टरनी पन तपासला. कान बराबर हाय."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. 

"घरात गाते," ते म्हणाले. "पन कानाला काय लावाचा म्हटला का थरथरते. काल तिचे भावान वॉकमन दिला, तं फेकून दिला." त्यांनी वाकून पाटीतला एक बोंबील उलटा केला. "तुमचेकडं आता नाय पाठवनार."

"नका पाठवू," मी म्हणालो.